नवी बाई टिकेपर्यंत

माझी भावजय ज्या शाळेत शिकवते ती शाळा म्हणजे एका मोठ्या शाळेच्या मागच्या अंगाला, सायकलींच्या छपराला लागून असलेल्या तीन खोल्या. ज्या मुलांना बोलता येत नाही, एका जागी बसता येत नाही, ज्यांचं मन कुठे असतं ते आईलाही कळत नाही, ती मुलं तिथे येतात. दारावर 'विशेष मुलांचा वर्ग' अशी पाटी आहे. विशेष म्हणजे काय, तर पुढच्या शाळेत बाकं नवी आली की जुनी मागे येतात.

भावजयीला तिथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीने ती माझ्या खांद्याला लागते, पण मान आहे. वर्गात ती कायम जमिनीवर बसलेली. हळू आवाजात एकदाच सांगते आणि मग वाट बघत राहते. ही वाट बघणं म्हणजेच तिचा धंदा, असं मला नेहमी वाटत आलंय. शर्टाचं बटण आपण बोलता बोलता लावतो. तिच्याकडे आधी बटण चिमटीत धरायचं, ते जमलं की काजाकडे न्यायचं, ते जमलं की अर्धं आत सारायचं, असं करत करत एका बटणात ऋतू बदलतो. तिच्या हातांवर दातांचे वळ आहेत. लोक तिला देवमाणूस म्हणतात. देवमाणूस म्हणणं सोयीचं असतं, देवमाणसाला रजा द्यावी लागत नाही.

मागच्या वर्षी माझ्या भावाच्या अंगावरून वारं गेलं. वाचा परत आली, पाय ओढत का होईना चालू लागला, पण डावा हात मांडीवर पडून राहिला, जणू कुणीतरी सांभाळायला दिलाय आणि न्यायला आलंच नाही. डॉक्टर स्पष्ट बोलणारे निघाले. बोटं रोज उघडायची, दिवसातून अनेकदा, न कंटाळता. येत्या काही महिन्यांत जे होईल ते होईल, नंतर हात तसाच आखडून बसेल. आता हे करणार कोण? मी त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, तेव्हा मी करून पाहिलं. पण माझी बोटं संधिवाताची आणि तोंड फटकळ. शिवाय बहिणीचं ऐकेल तो भाऊ कसला.

"तू व्यायाम घेतेस की तोंडी परीक्षा?" त्याने मला विचारलं आणि उजव्या हाताने डावा ओढून घेतला. उजवा धड होता म्हणून ओढता आला.

त्याला बायको हवी होती, आणि बायकोला तर हेच काम येत होतं. पण ती दिवसभर परक्यांच्या मुलांच्या मुठी उघडून घरी यायची आणि नवऱ्याची मूठ हातात घेतली की तिचेच डोळे मिटायचे. कितीदा तरी मी तिला त्याचा हात धरून बसल्या बसल्या पेंगताना पाहिलंय. तो हलायचा नाही, तिची झोप मोडू नये म्हणून. व्यायाम झाला म्हणायचा.

ती म्हणायची, "ताई, नवी बाई टिकली की मी सोडतेच." भावाने अशा नव्या बाया पुष्कळ ऐकल्या होत्या.

कारण बाया टिकत नसत. वर्गात मुलांची आवराआवर करणारी मावशी आहे, ती प्रत्येक नव्या बाईला पाहुणी म्हणते, नाव लक्षात ठेवायचे कष्ट घेत नाही. एकीच्या सासूने विचारलं, इतकं शिकून शेंबूडच पुसायचा होता तर घरचा काय वाईट होता? एकीला पुढच्या शाळेत जागा मिळाली. ती आता सायकल लावायला येते तेव्हा मागच्या खोल्यांकडे बघत नाही. एक रडत गेली, एक न सांगता गेली. आणि नेमणूक असते अकरा महिन्यांची. अकरा महिने म्हणजे काय ते ज्याने घर भाड्याने घेतलंय त्याला विचारा, भिंतीत खिळा ठोकवत नाही.

मी कॉलेजात शिकवून निवृत्त झालेली, म्हणून संस्थेचे चिटणीस मुलाखतींना मला शोभेला बसवतात. त्यांचं कापडाचं दुकान आहे. समोरची खुर्चीवर टेकली की ते विचारतात, "तुमच्यात सहनशक्ती किती आहे?" जसं काही मीटरवर मोजून घ्यायची आहे. मुली बिचाऱ्या म्हणतात, भरपूर. मला मुलं फार आवडतात, असंही म्हणतात. हे वाक्य ऐकलं की मी मनातल्या मनात काट मारते. मुलं आवडणारी बाई पहिल्यांदा केस ओढले गेले की हिरमुसते. आपण इतकं प्रेम केलं आणि हे काय, असं तिला वाटतं.

शेवटी जी आली ती वेगळी होती. रीतसर प्रशिक्षण घेतलेली, कपाळाला आठी, पेनाचं टोपण चावलेलं. चिटणीसांनी सहनशक्ती विचारली तर म्हणाली, बेताची आहे. मग इथे का यायचंय, असं त्यांनी विचारलं.

"घरापासून जवळ आहे. आणि हेच शिकलेय मी, दुसरं काय करू?"

चिटणीसांचा चेहरा पडला. मी म्हटलं, हिला घ्या. मुलाखतीला भावजयही होती; घरी येताना रस्ताभर तिच्या पावलात जरा उचल होती. घरी आल्यावर तिने भावाच्या हाताची तीन बोटं उघडली, चौथ्याला झोप लागली.

नव्या बाईचे सुरुवातीचे महिने बरे गेले. निदान आम्हाला तसं वाटलं. मोठ्या बाईंनी या वेळी पक्कं ठरवलं होतं, हिला जपायचं. आधीच्या सगळ्या दमून गेल्या, हिला दमू द्यायचं नाही. त्यामुळे कुठल्याही खोलीत मूल किंचाळलं की या आपल्या हातातलं टाकून धावायच्या. कुणी चड्डीत केली, या हजर. कुणी चावायला लागलं, हात यांचा पुढे. नव्या बाईला म्हणायच्या, तू राहू दे, मी बघते. भावजय मला ते घरी कौतुकाने सांगायची आणि मीही, मूर्खासारखी, मान डोलवायची.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे राणीसरकार म्हणतात. बोलत नाही. तिच्या मनाविरुद्ध काही झालं की जमिनीवर आडवी होते आणि असा आवाज काढते की पुढच्या शाळेतले मास्तर खिडक्या लावून घेतात. खोलीत येताना बूट काढायचा तिथला नियम, आणि राणीसरकार बूट काढून देतात ते फक्त मोठ्या बाईंना. हे जमवायला मोठ्या बाईंना अख्खं वर्ष लागलं होतं. त्यामुळे ती नव्या बाईच्या वर्गात असली तरी रोज सकाळी बूट काढायला याच. मग हळूहळू डबा उघडायलाही याच, आणि हात धुवायलाही.

एका रविवारी नवी बाई आमच्या घरी आली. भावजय बाहेर गेली होती, ते बघूनच आली असावी. माझ्या खोलीत बसली, चहाला नको म्हणाली आणि सांगितलं की वर्षअखेरीला ती सोडणार आहे.

मी विचारलं, "झेपत नाही?"

"झेपतं की नाही ते कळायला काम तर हातात यायला हवं. मी तिथे बाई नाहीये, मोठ्या बाईंची पर्स सांभाळणारी आहे. मूल रडायला लागलं की माझ्याकडे बघतसुद्धा नाही, दाराकडे बघतं. कारण त्याला माहितीये दारातून कोण येणार ते."

तिच्या स्वरात राग कमी आणि थकवा जास्त होता. मी तिला थांब म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? मात्र त्या आधीच्या बायांचा एकेक चेहरा मला आठवत गेला. सासू, पुढची शाळा, अकरा महिन्यांची नेमणूक ही कारणं खरीच होती. पण माणसाला जायचं असलं की कारण सापडतं, आणि राहायचं असलं की सासूलाही उत्तर सापडतं.

संध्याकाळी भांडी आवरताना मी भावजयीला सांगून टाकलं. आडवळणाने बोलणं मला येत नाही. तिला आधी कळलंच नाही. मग तिने पातेलं ठेवलं.

"म्हणजे मी मदत केली ते चुकलं?"

"हो. त्यांना टिकवायला म्हणून तू त्यांना काही करूच देत नाहीस. कशासाठी टिकतील त्या, बघायला?"

"आणि पोर तिकडे ऊर फुटेस्तोवर रडत असेल तेव्हा मी काय करू? खुर्चीत बसून राहू?"

"हो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दगड आहे. म्हणाली की मला मुलं नाहीत म्हणून मी असं बोलू शकते. हे ती इतक्या वर्षांत प्रथमच बोलली. मला लागलं, पण त्या वेळी लागून घ्यायला फुरसत नव्हती. आतून भावाचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द जुळवत.

"बटण तू लावून देत नाहीस ना मुलांना?"

बराच वेळ नळ नुसता वाहत होता, शेवटी मीच बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. म्हणाली, ताई, शाळेत चला आणि मला धरून ठेवा. ती थट्टा करत नव्हती.

तिची बसायची खोली म्हणजे कपाटांच्या मधली जागा. तिथे दोन खुर्च्या टाकून आम्ही बसलो, दार लोटून घेतलं. नव्या बाईला तिने एवढंच सांगितलं होतं की आज बूट काढायला मी येणार नाही. बाहेर मुलं येऊ लागली, मावशीचा आवाज, दप्तरं पडल्याचा आवाज. आणि मग राणीसरकार आल्या.

तो आवाज मी लांबून ऐकला होता, भिंतीपलीकडून कधी नाही. दातात कळ जाते. भावजय उठली. मी म्हटलं, बस. ती बसली. आवाज चढत गेला, कशावर तरी टाचा आपटल्यासारखं होत होतं. मावशी दार ढकलून डोकावली, "बाई, येताय ना?" मी तिला हातानेच घालवलं. भावजयीने खुर्चीची कड पकडली होती आणि तिच्या ओठांची हालचाल होत होती. पुटपुटत होती ते मी कान देऊन ऐकलं. आधी डावा बूट, आधी डावा, उजव्याला हात लावू नको. भिंतीपलीकडे कुणाला ऐकू जाणार होतं ते?

मग आवाज थांबला. हळूहळू नाही, एकदम. भावजय घाबरून उठली आणि या वेळी मला धरता आलं नाही. आम्ही दोघी वर्गाच्या दारापर्यंत गेलो आणि फटीतून पाहिलं.

राणीसरकार खोलीत होती. वाळूच्या परातीपुढे बसली होती, बोटांनी रेघा ओढत. पायात बूट होते. दोन्ही. चिखलाचे ठसे दारापासून परातीपर्यंत गेले होते. नवी बाई तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली होती, केस सुटलेले, मनगटाला रुमाल गुंडाळलेला.

"बूट," भावजय पुटपुटली. "तिने बूट काढलेच नाहीत. ताई, वर्षभराची मेहनत हो माझी."

नव्या बाईने आम्हाला पाहिलं. उठली नाही. तिथूनच, मुलीवरची नजर न काढता म्हणाली, "बूट नंतर बघू. आज बसली एवढं पुरे."

भावजयीचा पाय उंबऱ्यात होता. ती एक शब्द बोलली असती, नुसती 'बाळा' अशी हाक मारली असती, तरी मुलीने मान वळवली असती आणि सगळं पहिल्यासारखं झालं असतं. मला ते कळत होतं, नव्या बाईला कळत होतं. भावजयीला तर सगळ्यात जास्त. तिने पाय मागे घेतला.

हे एका दिवसात झालं असं सांगायला मला आवडलं असतं. झालं नाही. राणीसरकार पुढे कित्येक दिवस बुटांसकट वावरल्या, मावशी फरशी पुसताना उखाळ्यापाखाळ्या काढायची. भावजय रोज सकाळी कपाटांच्या मध्ये बसून वाळत गेली. दोनदा तिचा निश्चय मोडला, ती धावली, आणि नव्या बाईने तिला सगळ्यांदेखत खोलीबाहेर काढलं. पण वर्षअखेर आली आणि नवी बाई सोडून जाण्याबद्दल काही बोलली नाही. भावजयीने चिटणीसांना जाऊन सांगितलं की आता मी नोकरी सोडते. त्यांनी देवमाणूस वगैरे सुरू केलं. मग म्हणाले की नवी बाई चांगली आहे, दोन्ही वर्ग तीच सांभाळेल. भावजयीने ठणकावलं, दुसरी बाई घेतल्याशिवाय मी जागची हलणार नाही. म्हणजे पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखती, पुन्हा ती सहनशक्ती. अखेर एक मिळाली. मुलं आवडतात म्हणणारी आहे, बघू या.

भावजय घरी राहिली त्या पहिल्या सोमवारी फोन वाजला. ती भावाचा हात मांडीवर घेऊन बसली होती. फोनवर नव्या बाईचं नाव पाहिलं आणि बोलायच्या आधीच तिचे पाय चपला शोधू लागले.

"बोल गं. काय झालं? कोण रडतंय?"

पलीकडून काही विचारलं गेलं. तिने सांगितलं की पाण्याच्या खोलीची दुसरी किल्ली वरच्या फळीवर, खडूंच्या डब्यामागे आहे. मग थांबली. आणखी काही येईल म्हणून फोन कानाला तसाच धरून उभी राहिली. फोन केव्हाच बंद झाला होता.

भावाने विचारलं, "काय?"

"काही नाही. किल्ली हवी होती तिला."

ती पुन्हा बसली, त्याची मूठ हातात घेतली. अंगठा उघडला, तर्जनी उघडली. मधलं बोट तिने बऱ्याच वेळाने सरळ केलं. या सगळ्या महिन्यांत ते बोट पार आखडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत सरत आली होती हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. ती मात्र घाई न करता वाट बघत होती, वर्गात बघायची तशीच. करंगळीपर्यंत पोचली, पाचही बोटं पसरून तिने आपल्या तळव्यावर ठेवली आणि भाऊ म्हणाला, दुखतंय. दुखू दे, ती म्हणाली, पुन्हा करायचंय जेवणाआधी.