वरचा सदरा

कपड्यांच्या कारखान्यातल्या तपासनीस बाईंना सगळे पाठीमागे ‘पासबाई’ म्हणत. शिवून आलेल्या दहा सदऱ्यांचा गठ्ठा समोर आला की बाई वरचा एक सदरा उलगडणार, कॉलर ओढणार, काजात नख घालून बघणार आणि ‘पास’ म्हणून गठ्ठा पुढे ढकलणार. खालचे नऊ वरच्याच्या पुण्याईवर पास. बावीस वर्षं हेच केलं आणि त्यालाच त्या अनुभव म्हणत.

असल्या बाईंच्या हाती साहेबांनी माणसांची मनं सोपवली! माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच. दर सोमवारी प्रत्येकाची विचारपूस करायची, झोप लागते का, जेवण जातं का, ते कागदावर लिहायचं आणि खाली त्या माणसाची सही घ्यायची, असं फर्मान निघालं. बाईंनी दोन तासांचं प्रशिक्षण घेतलं, छातीवर ‘मी ऐकते आहे’ असा बिल्ला लावला आणि सवयीनं कामाला लागल्या. रांगेतल्या पहिल्या बाईला विचारायचं, “काय गं, बरी आहेस ना?” ती हो म्हणाली की अख्ख्या रांगेपुढे ‘उत्तम’. मग सह्यांसाठी कागद हातोहात फिरवायचा.

काजाच्या मशीनवरची बाई तिसऱ्या रांगेत पाचवी बसायची. तिची आई नुकतीच गेली होती. अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या आईचं सगळं हिनं एकटीनं केलं होतं. लोक म्हणाले, सुटलीस. पासबाईही म्हणाल्या, आणि वर पाठ थोपटली. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

काजवालीचा डबा न उघडताच घरी परत जाऊ लागला. इस्त्रीवाल्याच्या ते लक्षात आलं.

“बाई, तिच्याकडे जरा बघा हो,” तो म्हणाला.

“माझ्याकडे कागद आहे,” पासबाई म्हणाल्या. “उत्तम आहे ती.”

मग तिची काजं तिरकी यायला लागली. वीस वर्षांत सूतभर न हललेला हात तो! पण रोज एका गठ्ठ्यात एक काज वाकडं. बाईंना आनंदच झाला. किती दिवसांनी काहीतरी सापडत होतं. लाल चिठ्ठीवर ‘दुरुस्ती’ लिहायचं आणि गठ्ठा परत. काजवाली दहा पावलांवर बसायची, पण तेवढं उठायचे कष्ट बाईंनी कधी घेतले नाहीत.

दीड महिन्यानं काजवाली यायची बंद झाली. इस्त्रीवाला आणि त्याची बायको तिच्या खोलीवर गेले, तर ती चार दिवस अंथरुणातून उठलेली नव्हती. पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. त्यांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं, मनाच्या डॉक्टरांना दाखवलं, औषध सुरू केलं. ती घरी आली तेव्हा ही बातमी कारखान्यात पसरली.

पासबाईंना घाम फुटला, पण तिच्या काळजीनं नव्हे. गेल्या सोमवारच्या कागदावर तिच्या नावापुढे ‘उत्तम’ होतं आणि सही नव्हती. वरून विचारणा झाली तर? बाईंनी दोन सफरचंदं घेतली, मोजून दोन, आणि तिचं घर गाठलं.

एकच खोली, दोन पलंग. एकावर काजवाली उशीला टेकून बसली होती. बाई दुसऱ्यावर बसल्या. तो कुणाचा, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

“अगं, एवढं होत होतं तर सांगायचं नाही का? मी कशाला आहे मग?” असं म्हणत बाईंनी कागद पुढे केला.

“सांगत होते की, ताई.”

“कधी? मी तर रोज तुझ्या समोर असते.”

“रोजच सांगत होते. माझा हात बिघडला नव्हता. एक काज मुद्दाम तिरकं मारायचे आणि तोच सदरा गठ्ठ्यात वर ठेवायचे. तुम्ही वरचाच बघता ना, म्हणून.” तिला बोलायला दम लागत होता. “म्हटलं, एक दिवस तरी उठून याल. विचाराल, बाई गं, तुला झालंय काय.”

पासबाईंना लाज वाटली म्हणावं, तर ती वाटायला दीड महिना उशीर झाला होता.

काजवालीनं हात पुढे केला. “द्या. कुठे करू सही?”