तीन वेढे

फौजेत मी सतरा वर्षं काढली आणि त्यातली अकरा खेचरांबरोबर. नागपुरात हे सांगितलं की लोक हसायचे. माझा सक्करदऱ्याचा मेव्हणा तर लग्नातच म्हणाला होता, "जावईबापू, सरकारकडच्या बंदुका संपल्या काय गा?" मी त्याच्यावर कधी रागावलो नाही. जिथं जीप जात नाही आणि हेलिकॉप्टर उतरत नाही तिथल्या पोस्टवर पीठ, गोळ्या आणि रॉकेल कोण पोचवतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार.

ही गोष्ट एकाहत्तरच्या लढाईनंतर काही वर्षांनी घडली. माझी पोस्टिंग उत्तरेकडे, बर्फाच्या पट्ट्यात, एका ॲनिमल ट्रान्सपोर्ट कंपनीत होती. मी नायक होतो. माझ्या सेक्शनमध्ये सिपाही शामराव भोयर होता, उमरेडकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, वय सव्वीस. आमच्यात बोलणं घरच्यासारखं चालायचं, परेडवर तेवढं साहेब-सिपाही.

दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. आधी जनावराला पाणी, मग दाणा, मग मालिश, मग खूर. ते झाल्याशिवाय माणसाला चहा नाही. प्रत्येक खेचराच्या खुरावर नंबर डागलेला असतो. भोयरच्या खेचराला नंबर होता, पण तो तिला राधी म्हणायचा. चढावर खुरात बर्फाचे गोळे अडकतात आणि जनावर घसरतं. ते गोळे काढायला इतर जण हातमोजे घालून लोखंडी आकडी चालवायचे. भोयर मोजा काढून बोटांनी चाचपायचा. "मोज्यातून काही कळत नाही, नायक साहेब," म्हणायचा.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. खेचराचा दोर हाताला गुंडाळायचा नाही, मुठीत धरायचा, हा आमच्याकडचा पहिला नियम. जनावर गेलं तर एकटं जावं. नव्या रंगरुटांना हे शिकवायला मी भोयरलाच उभं करायचो, कारण कोणाच्या हाताला वेढा दिसला की तो त्याच्या अंगावर धावून जायचा.

जानेवारीत वरच्या पोस्टवरून वायरलेस आला. चौदा माणसं होती तिथं. रॉकेलच्या साठ्यावर कडा कोसळला होता. रॉकेल नाही म्हणजे स्टोव्ह नाही, स्टोव्ह नाही म्हणजे बर्फ वितळत नाही, आणि बर्फ खाऊन माणूस जगत नाही.

सुभेदार साहेबांनी मला बोलावलं. "कितने दिन का बचा है?"

"दो दिन, साब."

"तीन खेचर, तीन आदमी. बारा जेरीकॅन. सुबह छह बजे."

मी, भोयर आणि लान्सनाईक हुकुमसिंग. सहाला निघालो. दुपारी एकपर्यंत पोचायला हवं होतं. दहाच्या सुमारास वारा फिरला आणि सव्वादहाला पुढच्या खेचराची शेपटीही दिसेना. अर्ध्या वाटेवर दगड रचून केलेला एक आडोसा होता, वर निम्मंच छप्पर. तिथं शिरलो. वादळ दोन दिवस थांबलं नाही.

जनावरांसाठी एका वेळचा दाणा होता. तो संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी हुकुमसिंगच्या खेचरानं राधीची शेपटी खाल्ली. मग तिन्ही खेचरांनी खोगिराखालची घोंगडी चावली, लगामाचं चामडं चावलं. माझा एक मोजा खाली पडला, तो गेला. ती जनावरं वाईट नव्हती. भूक तशीच असते.

आमच्याकडे बारा कॅन रॉकेल होतं, आणि ते आमचं नव्हतं. मी हिशोब बांधून दिला: दिवसातून एकदा, रिकाम्या डब्यात घोंगडीची चिंधी, एक मग रॉकेल, तेवढ्यात बर्फ वितळवायचा. पाणी आधी खेचरांना.

भोयर दर तासाला राधीच्या नाकपुड्यांवरचं बर्फ हातानं काढत होता. दुसऱ्या दुपारी त्यानं मला बोटं दाखवली. मेणासारखी पांढरी होती.

"वासुदेवभाऊ, थोडंसं पेटव ना गा. बोटं वाकून नाही राहिली."

त्यानं मला नायक साहेब म्हटलं नाही, हे मला खटकलं. इतक्या वर्षांनी ते सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, "वरती चौदा माणसं आहेत."

"बरं," तो म्हणाला. हात काखेत घालून राधीला टेकून बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आभाळ उघडलं. पुढची वाट दोन किलोमीटर, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नाला, सरळ खाली. मी पुढं राहून बर्फ तुडवणार होतो, मागं भोयर, शेवटी हुकुमसिंग. अशा वाटेवर खेचरं एकमेकांना बांधत नाहीत, एक गेलं तर सगळी जातात. आणि मोकळी सोडली तर ती आडोशाकडे परत फिरतात. ज्याचं जनावर त्यानंच धरायचं.

भोयरनं दोर उचलला आणि तो त्याच्या हातातून निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. मूठ मिटतच नव्हती.

राधीला तिथंच सोडता आलं असतं. चार कॅन मागं राहिले असते आणि आठ पोचले असते. मला बारा पोचवायचे होते. मला बारा सांगितले होते. मी त्याच्याजवळ गेलो, दोर घेतला आणि त्याच्या उजव्या मनगटाला तीन वेढे दिले.

तो हात मागं घ्यायला लागला. "गुंडाळून नोका देऊ, साहेब. बाप मारन मले."

मला वाटलं, थट्टा करतोय. "बाप गावाकडं आहे," मी म्हणालो. "चल."

चाळीस मिनिटं चाललो. मागून मला त्याचा आवाज आला, "हो, हो!" आपल्याकडे बैलाला थांबवताना म्हणतात तसा. मी वळलो तेव्हा राधीचे मागचे पाय वाटेवर नव्हते. पुढच्या दोन पायांनी ती कड खरवडत होती. भोयर गुडघ्यांवर होता, उजवा हात ताणलेला, आणि डाव्या हाताच्या त्या मेलेल्या बोटांनी वेढा काढायला बघत होता. माझ्या कमरेला सुरी होती. मध्ये माझं खेचर आडवं होतं. मी त्याच्या पोटाखालून वाकलो आणि पलीकडे निघालो, तोवर वाट रिकामी होती.

हुकुमसिंग म्हणाला, "चलो, नायक." आम्ही चाललो.

पोस्टवर दहा वाजून दहा मिनिटांनी पोचलो. चौदाही माणसं जिवंत होती. एकाची जीभ सुजून बाहेर आली होती. पोस्ट कमांडरनं विचारलं, "कितने कॅन?"

"आठ, साब."

"आदमी?"

"दो."

आठ कॅन त्यांना पुरले. नवीन रसद आली तेव्हा दीड कॅन शिल्लक होता.

जूनमध्ये नाला उघडा पडला आणि आम्ही खाली उतरलो. खेचर मेलं की नंबराचा खूर कापून आणावा लागतो, तेव्हाच ते रजिस्टरमधून वजा होतं. राधीचा खूर मी कापला. भोयर तिच्याजवळच होता. मनगटावर तीन वेढे जसेच्या तसे होते.

चौकशी झाली. मेजर साहेबांनी विचारलं, "रस्सी किसने लपेटी?"

हुकुमसिंग तेव्हा हॉस्पिटलात होता, बर्फानं मेलेला त्याचा पाय कापावा लागला होता. खोलीत मी एकटाच साक्षीदार होतो.

"उसी ने, साब. गाँव की आदत थी."

कागदावर तसं लिहिलं गेलं.

सुट्टीत मी त्याची ट्रंक घेऊन त्याच्या गावी गेलो. बापाचं नाव दमाजी. अंगणात खाटेवर बसवलं, चहा दिला. सरकारी कागद माझ्या पुढं धरला. "वाचून दाखवा, साहेब. मले वाचता नाही येत."

मी वाचलं. दोर हाताला गुंडाळल्यामुळे, इथपर्यंत आलो तेव्हा त्यानं मला थांबवलं आणि उजवा हात पुढं केला. अंगठा नव्हता.

"बैल बिथरला होता. कासऱ्यात गेला. शाम तवा सात वर्षांचा होता, समोरच उभा होता. एकडाव त्यानं कासरा हाताले गुंडाळला तं म्या त्याले झोडपून काढलं होतं. मंग जलमात गुंडाळला नाही त्यानं." तो माझ्याकडे बघत राहिला. "तिथं काहून गुंडाळला, साहेब?"

चहा हातात होता. भोयरच्या बायकोनं दिलेला, भरपूर साखरेचा. मी म्हणालो, "थंडी फार होती, काका."

 म्हाताऱ्यानं कागदाची घडी करून टोपीत ठेवली. "आयकलं नाही पोट्ट्यानं," म्हणाला. "येवढं सांगतलं, आयकलं नाही."

बस चार वाजता होती. मी त्या बसनं परत आलो. पुढं दहा वर्षं तो माणूस जगला. नागपूरहून ते गाव म्हणजे दीड तासाची वाट. मी पुन्हा गेलो नाही.

आता दमाजी नाही, हुकुमसिंग नाही. मेजर साहेब कुठं असतील, माहीत नाही. साक्ष घ्यायला कोणी उरलं नाही, म्हणून इथं देतो. सिपाही शामराव दमाजी भोयर यानं दोर हाताला गुंडाळला नव्हता. तो नको म्हणत होता. त्यानं बापाचं ऐकलं होतं.