दोरीत न मावणारं लाकूड

आलापल्लीच्या लाकूड डेपोत श्रावण रामटेके वीस वर्षं सागवान मोजत होता. ओंडक्याच्या मधोमध दोरी गुंडाळायची, तिची चौपदरी घडी घालायची, घडीच्या लांबीला तिनंच गुणायचं, मग ओंडक्याच्या लांबीनं. झालं घनफळ. पण ओंडका गोल आणि हिशेब चौकोनी, मग उरलेलं लाकूड जातं कुठं, हा किडा त्याच्या डोक्यातून निघेना. एकदा त्यानं काठोकाठ भरलेल्या ड्रममध्ये एक गोल तुकडा दाबून बुडवला आणि सांडलेलं पाणी मोजलं. शंभरातले एकवीस भाग दोरीत आलेच नव्हते. घरी लेकीला, कांताला, तो हेच विचारत राहायचा.

१९८६ साली कांता गणितात एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिली आली. नागपूरला विभागात सत्कार झाला. चहाच्या वेळी श्रावणनं विभागप्रमुखांना गाठलंच.

सरांनी फळ्यावर वर्तुळ काढलं, शेजारी चौकोन. "या रीतीनं शंभरातले साडेएकवीस सुटतात. साल, तासणी यांची घट त्यात धरली जाते."

"माह्या ड्रमात एकवीस आले होते," श्रावण म्हणाला. सरांच्या हातातला खडू थांबला.

बाहेर पडल्यावर तो लेकीकडे वळला. "तुले हे कधीपासून मालूम होतं?"

"नववीपासून."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"बाबा, तुमच्या त्या प्रश्नामागंच तं मी इथवर आली. तो संपवाले मन झालं नाई."

श्रावणला रागच आला. एस.टी. स्टँड येईपर्यंत तो तिच्या पुढं पुढं चालत राहिला. मग म्हणाला, "बरं, ओंडका एका टोकाले निमुळता रायते. त्याचं काय?"