आईच्या वाट्याचं जेवण

ऑपरेशनच्या खोलीत नेण्याआधी नर्सबाईंनी आईला अंगावरचं सगळं काढून ठेवायला सांगितलं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी तिनं वडिलांच्या हातावर ठेवली. गळ्यातल्या लिंगापाशी मात्र ती अडली. आम्ही लिंगायत. चांदीच्या डबीतलं ते लिंग लहानपणी गळ्यात पडतं ते मातीत जाईपर्यंत सोबत असतं. ते खाली ठेवायचं नाही, दुसऱ्याच्या गळ्यात तर मुळीच घालायचं नाही. वडिलांच्या खिशात तंबाखूची पुडी, त्यामुळे तोही मार्ग बंद. आईनं इकडंतिकडं पाहिलं, दोरा माझ्या गळ्यात घातला आणि डबी फ्रॉकच्या आत सरकवली.

"अंगावरच राहू दे, बाई. अन् आत्याला सांगू नको, लय बोलतील."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आई दवाखान्यात म्हणून घर सांभाळायला आलेली, नेमाला एकदम कडक. मी सात वर्षांची. माझं स्वतःचं लिंग होतंच, त्यात हे दुसरं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आता चार दिवस तोंडानं काही द्यायचं नाही." सगळ्यांचे चेहरे खुलले, मी मात्र आईच्या उपासाचे दिवस बोटांवर मोजू लागले. सलाईन म्हणजे काय, हे मला कुणी समजावलंच नाही. चार दिवस उपाशी राहिलं की माणूस मरतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. परभणीच्या दवाखान्यातून सेलूला घरी येईपर्यंत गाडीत मी आत्याच्या शेजारी बसून त्याचाच विचार केला.

आणि मला उपाय सापडला. आमच्याकडे घास आधी लिंगाला दाखवायचा, मग आपण खायचा. माझ्या गळ्यात आईचं लिंग होतं. त्याला जेवण दाखवलं, की ते आईला पोचणार. यात न कळण्यासारखं काय आहे? दाखवलेलं टाकायचं नसतं, म्हणून ते खाणं तेवढं माझ्याकडे आलं.

मग मी प्रत्येक जेवणाला दोनदा जेवू लागले. आधी माझं, सगळ्यांबरोबर. आई नेहमी सगळ्यांच्या मागून जेवायची, म्हणून तिचं मागून, स्वयंपाकघरात एकटीनं. मोठ्यांचं जेवण म्हणून ठेचाही खाल्ला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण सोडला नाही. शेजारची काकू एकदा दारातून बघून म्हणालीच, "आई तिकडं उपाशी, अन् ही दोन दोनदा जेवायलीय! घास कसा उतरत आसंल बाई पोरीला?" मी मान खाली घालून चावत राहिले. आज सलाईन कळतं, सगळंच कळतं. पण इतका बिनशर्त विश्वास मी पुन्हा कशावर टाकू शकले नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मागून बसले तेव्हा टोपल्यात करपलेली अर्धी भाकरी होती आणि भांड्याच्या तळाला दोन पळ्या गार वरण. आई रोज हेच जेवते? मला रडू फुटलं, आणि या वेळी ठेच्याचा काही दोष नव्हता. संध्याकाळपासून मी क्रम बदलला. तव्यावरची पहिली भाकरी आईची, माझं मागून.

तिसऱ्या दिवशी पोटानं हात टेकले. दुपारी मोरीत भडाभडा ओकले. आईचं सगळं जेवण वाहून जाताना दिसलं आणि मी किंचाळले, "आत्या, आई मेली!" आत्या धावत आली. रडत रडत मी सगळं सांगून टाकलं. तिनं माझ्या फ्रॉकमधून दोन्ही डब्या बाहेर काढल्या, बघितल्या. आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटले.

आत्यानं माझं तोंड धुतलं. मऊ भात टाकला, वर तूप घातलं, आईच्या लिंगापुढं ताट धरलं आणि म्हणाली, "अर्धा तू खा, अर्धा मी खाते. तिचं पोट भराया पायजे." चौथा दिवस आम्ही दोघींनी मिळून काढला.

दहाव्या दिवशी आई घरी आली. वाळून काटकी झालेली. पूजा करून तिनं आपलं लिंग गळ्यात घातलं. दुपारी ताटं मांडली तर भिंतीला धरून म्हणते कशी, "तुमी बसा, मी बसते मागून."

"मागून न्हाई!" मी आईच्या गळ्यातल्या डबीकडे बोट करत एवढ्यानं ओरडले की वडील दचकले. "त्याला आता गरम खायची सवय लागलीय!"

कुणाला काही कळेना. आत्यानं तव्यावरची टम्म फुगलेली पहिली भाकरी आईच्या ताटात टाकली. "बस गं. पोरगी खरं बोलायलीय."

आई बसली. मी घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. तिनं भाकरीचा वाफाळता पापुद्रा अलगद सोडवला, मीठ-तेल लावलं आणि डोळे मिटून खाल्ला. आईला पापुद्रा एवढा आवडतो, हे त्याच घरात सात वर्षं जेवून मला माहीत नव्हतं.