सेठच्या वाट्याची सिगार

वाशिमकडच्या रिठद गावच्या उकंडरावांनी जन्मात कधी विडी ओढली नाही, पण त्यांची उमर तंबाखूच्या वासात गेली. मिसरूड फुटायच्या आधीच ते हैदराबादेला गेले आणि एका सिगारच्या दुकानात लागले. दुकानामागे एक थंड, ओलसर खोली होती. तिथे सिगारी पेट्यांमध्ये वर्षानुवर्षं मुरत ठेवलेल्या असत. हवा कोरडी पडली की पान तडकतं, फार ओली झाली की बुरशी धरते. त्या खोलीची राखण उकंडरावांकडे.

दुकानाचे सेठ एकटेच. बायको नाही, मूलबाळ नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते खुर्चीत बसून सिगार पेटवत आणि उकंडरावांना समोर बसवून घेत. फारसं बोलत नसत. एका दिवाळीनंतर त्यांनी त्या सालची एक नवी पेटी उकंडरावांच्या हाती दिली.

"पाँच बरस हुए तो मुरी हुई बोलते. दस हुए तो व्हिंटेज," ते म्हणाले. "ऐसा कोई कानून नइं, अपने धंदे की रीत है. दस से पहले हाथ नको लगा. मैं तो रहता नइं. मेरे नाम की एक जला."

त्याच हिवाळ्यात सेठ गेले. दुकान बंद झालं. उकंडराव पेटी घेऊन गावी परतले.

आमच्याकडे वैशाखात दाराच्या फळ्यासुद्धा आकसतात. तिथे सिगार ओलसर ठेवायची म्हणजे जीव टांगणीला. उकंडरावांनी पेटी पाण्याच्या रांजणाशेजारी पाटावर ठेवली. आत स्पंजचा एक तुकडा होता, तो सुकला की ते भिजवत.

"लेकरू हाय का थे, पाणी पाजाले?" बायको कस्तुराबाई हसायची.

मग एका उन्हाळ्यात उकंडरावांना कावीळ झाली. वाशिमच्या दवाखान्यात महिनाभर राहावं लागलं. कस्तुराबाई उशाशी. मुलगा राजू पुण्याला. घराला कुलूप. परत आले तेव्हा रांजण कोरडा ठाक पडला होता. पेटी गेली, असंच त्यांनी धरलं. झाकण उघडून स्पंज दाबला, तर बोटांवरून पाणी ओघळलं. आणि पेटीतून वास आला तो पानाचा नव्हे, पेटलेल्या सिगारचा.

"तू मधात घरी आली होती का?"

"तुमाले सोडून मी कुठी जाऊ? किल्ली माह्या कमरेले होती."

त्या दिवसापासून कस्तुराबाई त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभी राहीना. "नदीत सोडून द्या थे," ती म्हणायची.

"जबान देली हाय मी. दहा वर्सं होऊ दे."

दहा वर्षं पुरी झाली ती मार्गशीर्षात. दुपारची वेळ, सगळं गाव तुरीच्या वावरात. उकंडरावांनी ओट्यावर दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर स्वतः बसले. दुसरीवर पितळी ताटली ठेवून तिच्या काठाला एक सिगार टेकवली. दोन्ही पेटवल्या. स्वतःच्या सिगारचा एकच झुरका घेतला आणि खोकत सुटले.

ओढणारा नसला की सिगार थोड्याच वेळात विझते. उकंडरावांची हातातली तशीच विझली. ताटलीतली विझली नाही. तिचा निखारा लाल व्हायचा, मग मंद व्हायचा, थोडं थांबून पुन्हा लाल. कोणी सावकाश श्वास घ्यावा तसा. वारा नव्हता. समोरच्या लिंबाचं पान हलत नव्हतं.

कस्तुराबाई चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. निखारा पुन्हा उजळलेला तिने पाहिला. ती ओरडली नाही. डोक्यावर पदर घेतला, आत गेली, दुसरा कप आणला आणि लांबूनच हात लांबवून त्या खुर्चीपुढे ठेवला.

"कैसी है, सेठ?" उकंडरावांनी विचारलं.

राखेचा अखंड तुकडा ताटलीत पडला, बोटाने झटकावा तसा. सिगार शेवटपर्यंत जळली. मग ती प्लास्टिकची खुर्ची करकरली, जड माणूस उठल्यावर करकरते तशी. कपातल्या चहावर साय धरली होती.

"गेले का थे?" कस्तुराबाईने हळूच विचारलं.

"मले काय मालूम."

दोघंही संध्याकाळपर्यंत ओट्यावरून उठले नाहीत. घरात जायचा धीर होत नव्हता.

माघात उकंडरावांनी बायकोला घेऊन हैदराबाद गाठलं. सेठची कबर त्यांनी अंत्यविधीनंतर पाहिली नव्हती. कबरस्तानच्या रखवालदाराने शोधून दिली. तिच्यावर गवत माजलं होतं, नाव झिजलं होतं. म्हाताऱ्याने गुडघे टेकून गवत उपटलं, बायकोने पदराने दगड पुसला. मग ती दगडापाशी वाकून म्हणाली, "सेठजी, त्या दिशी चाय थंडा झाला तुमचा. राग नोका मानू."

परतीच्या गाडीत उकंडराव गाढ झोपले, कित्येक वर्षांत झोपले नसतील असे. कस्तुराबाई जागी होती. डब्यात गर्दी होती, तरी त्यांच्या समोरची सीट रिकामीच राहिली. कोणी बसायला आलं, की ती दबक्या आवाजात म्हणायची, "हाय तिथं कोणीतरी." लोक एकदा सीटकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत आणि पुढे सरकत.