गच्चीवरच्या सळया

नदीकाठच्या सुमनकाकूंच्या गच्चीवर सळया उभ्या आहेत. त्या गंजू नयेत म्हणून टोकांवर रिकाम्या बाटल्या उलट्या घातल्यात. मी पूरपाहणीला गेलो होतो. कागदावर 'एकमजली घर' लिहिलं आणि खिडकीच्या वर खडूची रेघ ओढली.

"काकू, हवामान असंच बिघडत गेलं, तर तीस वर्षांनी पाणी इथवर येईल."

दुसरीचं पुस्तक घेऊन बसलेल्या नातीकडे बघून काकू हसल्या. "पाणी चढेल आणि आम्ही काय खालीच बसू? ही नात कमावती झाली, की वर मजला चढवणार आहे!"

खरंच की! मी नदीला तीस वर्षं वाढू दिलं आणि दुसरीतल्या पोरीला दुसरीतच ठेवलं.

रेघ मी पुसली नाही. फक्त 'एकमजली'च्या आधी 'सध्या' लिहिलं.