गणपतीला हीटर

रोह्यात थंडी पडली होती म्हणे. सकाळी साडेसातला ताईच्या गल्लीत निम्मी माणसं माकडटोपीत आणि उरलेली मफलरमध्ये गुंडाळलेली. समोरच्या घरातले काका कंपनीतल्या शिफ्टला निघाले होते. त्यांनी स्कूटर सुरू करण्याआधी हातमोजे घातले. तापमान होतं सतरा अंश. मी ओसरीवर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात चहा पीत उभा होतो आणि खरं सांगायचं तर मला या सगळ्यांची कीव येत होती.

मी मूळचा रोह्याचाच, पण गेली बावीस वर्षं कॅनडात एडमंटनला राहतो. तिथे जानेवारीत पारा उणे तिसाला जातो, नाकातले केस गोठतात, तरी माणसं कामावर जातात. पार्किंगमध्ये जागोजागी प्लगचे खांब असतात, पेट्रोलच्या गाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून. अशा गावात मी सहा वर्षं विजेची गाडी चालवतोय. त्यामुळे भावोजी जेव्हा आपली नवी इलेक्ट्रिक गाडी दाखवताना म्हणाले की थंडीत चार्जिंग जरा लवकर उतरतं, तेव्हा मी इतका हसलो की ताईने डोळे वटारले. थंडी म्हणजे काय हे रोह्याने मला शिकवावं? मग मी त्यांना तासभर ऐकवलं. गाडी नेहमी प्लगला लावून ठेवायची, निघायची वेळ फोनवर आधीच भरून ठेवायची, म्हणजे गाडी भिंतीतल्या विजेवर स्वतःच आतून गरम होते आणि बॅटरी शाबूत राहते. भावोजींनी सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं. पायाला प्लास्टर होतं, उठून जाणार तरी कुठे?

त्या प्लास्टरमुळेच हा प्रवास माझ्या वाट्याला आला. ताईकडे माघी गणपती बसतो, दीड दिवसाचा. गेली अठरा वर्षं भावोजी पेणजवळच्या हमरापूरहून मूर्ती आणतात, एकाच कारखान्यातून (तिकडे मूर्ती जिथे घडवतात त्या जागेला कारखाना म्हणतात). एसटीत बसून, मूर्ती मांडीवर घेऊन. यंदा ते काम मी अंगावर घेतलं. ताईने दोनच गोष्टी बजावल्या. "डिकीत घालू नकोस. पुढच्या सीटवर बसव. आणि चतुर्थीला दुपारी बाराच्या आत देव घरात पाहिजे." अठरा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं, हे तिने बोलून दाखवलं नाही. तिच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसत होतं.

आदल्या दिवशी दुपारी भावोजींचीच गाडी घेऊन निघालो. गाडीत चार्जिंग चाळीस टक्के. कारण सकाळी मी फुशारकीने अलिबागपर्यंत फेरी मारून आलो होतो. भावोजी म्हणाले, पूर्ण भरून जा. मी म्हटलं, चाळीस टक्क्यांवर मी बर्फाच्या वादळातून घरी आलेलो आहे. बर्फाच्या वादळाला नागोठण्याच्या पुढचा हायवे माहीत नसावा. कधीपासून चौपदरी होतोय कुणास ठाऊक. एका ठिकाणी रस्ता आहे, पुढे फक्त त्याचा फलक आहे, त्याच्या पुढे खडी. वडखळला धरमतरच्या खाडीकडून खारट वारा आला, मिठागरं (खाडीचं पाणी अडवून मीठ पिकवायची शेतं) उन्हात पांढरी दिसत होती. लहानपणी हा देखावा मला फार सुंदर वाटायचा. आता माझी नजर फक्त टक्क्यांवर होती. पेणला पोचलो तेव्हा अठरा उरले होते.

पेणबाहेरच्या एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता. त्याच्यासमोर पापडाच्या खोक्यांनी भरलेला टेम्पो, टेम्पोवाला जेवायला गेलेला. तो अर्ध्या तासाने आला, ढेकर दिली आणि टेम्पो काढला. मग चार्जरला अ‍ॅप हवं, अ‍ॅपला ओटीपी हवा आणि माझा कॅनडाचा नंबर त्याला पसंत पडेना. भावोजींचा नंबर दिला. ते रोह्यात चष्मा शोधून आकडे वाचून दाखवीपर्यंत ओटीपीची मुदत संपायची. तिसऱ्या खेपेला जुळलं, तर मशीनचा पडदा काळा. शेजारी खुर्चीवर स्वेटर घालून वॉचमन बसला होता. त्याने शांतपणे सांगितलं की मशीन सोमवारपासून बंदच हाय. मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, तुम्ही इचारलंत कुठं. एवढ्या प्रगतीवर एक निबंध लिहिता आला असता. मी फक्त दात-ओठ खाल्ले आणि हमरापूर गाठलं.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत फळ्यांवर माघीच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या, बऱ्याचशा गेलेल्या, थोड्या उरलेल्या. मालकीण मंजुळाबाई साठीच्या. त्या आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात, आणि ते काम त्या दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. त्यांचे यजमान कमळाकर माती मळतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतात. माझी अडचण ऐकून तेच म्हणाले, इथं मोठा प्लग हाय, रात्रभर लावा गाडी, सकाळी जा, तायला फोन करा.  ताई फोनवर म्हणाली, बाराच्या आत ये म्हणजे झालं.

दिवे लागायच्या सुमाराला मूर्ती गाडीत ठेवली, म्हणजे पहाटे धांदल नको. पुढच्या सीटवर, खाली गादी, पोटाशी पट्टा, तोंडावर रुमाल. मंजुळाबाईंनी मूर्तीच्या पाठीवर बोटं टेकवली आणि म्हणाल्या, "वरून सुकलाय, आतून नाय. या दिवसांत दव पडतं, शाडूला येळ लागतो. सावलीत ऱ्हाऊ द्या." मी मान डोलावली. असल्या सूचना मला नव्या नाहीत, अशा थाटात डोलावली.

मग परसात पोपटी लागली. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा, बटाटे भरायचे, मडकं उलटं करायचं आणि भोवती पालापाचोळा पेटवायचा. चतुर्थीच्या आदला दिवस, म्हणून अंडी-कोंबडी नव्हती. शेंगा खाऊन बोटं काळी झाली. इतकं चविष्ट मी वर्षभरात काही खाल्लं नव्हतं, हे मी कबूल करतो. पण खाताना तोंड बंद ठेवलं असतं तर पुढचं टळलं असतं. मी कमळाकरांना माझं एडमंटन ऐकवत होतो. भावोजींच्या गाडीचं अ‍ॅप माझ्या फोनवर घेतलेलं होतं, ते त्यांना दाखवलं, निघायची वेळ सकाळी सातची भरली, तापमान अठ्ठावीस केलं आणि म्हटलं, बघा, उद्या गाडी आपली आपणच गरम होऊन बसेल. ते म्हणाले, कमालच हाय. मंजुळाबाई आत कुणाच्यातरी गणपतीचे डोळे आखत होत्या. त्यांनी हे ऐकलंच नाही.

सकाळी साडेसहाला शेडमागच्या शेतावर धुकं होतं. गाडी पूर्ण चार्ज झालेली. मी खुशीत दार उघडलं आणि तोंडावर गरम वारा आला. हीटरच्या पुढच्या दोन्ही झडपा नेमक्या मूर्तीच्या सीटकडे वळलेल्या. किती वेळ चालू होता, कुणास ठाऊक. मागून मंजुळाबाई नारळ घेऊन येत होत्या. त्यांनी रुमाल बाजूला केला, नारळ खाली ठेवला आणि मूर्तीच्या डाव्या खांद्यावर अंगठा फिरवला. खांद्यापासून पोटापर्यंत तडा गेला होता, केसाएवढा बारीक, पण गेला होता.

मी बोलायला लागलो. चूक, प्रोग्रॅम, सवय असलं काहीतरी.  भंगलेली मूर्ती पूजत नाहीत, एवढं बावीस वर्षं परदेशात राहूनही मी विसरलो नव्हतो. घरी ताई मखर लावून बसली असेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि घाम फुटला.

मंजुळाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "देवाला थंडी वाजते, असं तुम्हाला कोण बोलला?"

मी फोन काढून हीटर बंद केला. 

मूर्ती परत फळीवर गेली. कमळाकर म्हणाले, दुसरी देऊ गो त्यांना, हाय ना एक. मंजुळाबाई म्हणाल्या, ती दुसऱ्या घरच्या नावाची हाय, तिला हात लावायचा नाय. त्यांनी पातळ शाडू कालवला, तडा ओल्या कापसाने भिजवला आणि बोटाने माती आत दाबत बसल्या. घाईने सुकवलं तर परत फाटेल म्हणून पंखा बंद, दिवा लांब. दोन तास मी ओट्यावर बसून घड्याळ बघत होतो आणि सतरा अंशांत घामाने भिजलो होतो. मग रंग लावला. नव्या ठिकाणी पिवळा जरा गडद दिसत होता. त्यावर नुसतं ओलं फडकं टेकवून त्या म्हणाल्या, पूजेच्या आधी काढायचं. हीटर नाय, एसी नाय, ऊन नाय. आणि गाडीत बसताना शेवटचं सांगितलं. "प्राण अजून घातलेला नाय, तवर ती मातीच. मातीला डागडुजी चालते. पण तायला सांगायचं. न सांगता बसवायचा नाय."

साडेनऊला निघालो. मूर्तीच्या बाजूची काच बंद, माझ्या बाजूची चार बोटं उघडी, धूळ माझ्याच तोंडात. प्रत्येक खड्ड्याला मी डाव्या हाताने मूर्तीची पाठ धरत होतो. ऐंशी किलोमीटरचा वेग दाखवणारी, आपली आपण गरम होणारी ती दिमाखदार गाडी मी बैलगाडीच्या चालीने नेली. मागून सगळे हॉर्न मारत होते. मनात एकच चाललं होतं, सांगू की नको. ताईला कळलं तर ती दुसरी मूर्ती मागेल आणि दुसरी मूर्ती आता कुठून येणार? नाही सांगितलं तर कुणाला कळणार? फडक्याखालचा गडद पिवळा कोण बघतंय? नागोठण्यापासून रोह्यापर्यंत मी स्वतःला असंच पटवत आलो.

सव्वाअकराला ताईच्या दारात पोचलो. ती ताम्हणात तांदूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यावर उभी होती. मी मूर्ती उचलली नाही. म्हटलं, "ताई, मी गणपतीला हीटर लावला. खांद्याला तडा गेलाय. मंजुळाबाईंनी भरलाय. आता तू सांग."

तिने ताम्हण खाली ठेवलं. गाडीत वाकून फडक्याखाली हात घातला. बराच वेळ तसाच ठेवला. भावोजी कुबडी टेकत ओसरीवर आले. शेवटी ती म्हणाली, "ओला आहे रे अजून." आणि आत वळून हाक दिली, पंखा बंद करा, मखरातले दिवे काढा. मग मला म्हणाली, "बघतोस काय? उचल. आणि आता दीड दिवस इथेच बसायचं. समई जवळ नेली तर तुझी जबाबदारी."

बाराला दहा मिनिटं असताना देव बसला. मी दीड दिवस मखराशेजारी राखणदार होतो. येणारा प्रत्येक जण विचारायचा, यंदा एवढा अंधार का? आणि ताई प्रत्येकाला, अगदी हातमोजेवाल्या काकांनाही, शांतपणे सांगायची की आमच्या अरुणने गणपतीला हीटर लावला. काका माझ्याकडे बघून म्हणाले, व्हय, कॅनडात फार थंडी असते ना. मी मान खाली घालून प्रसाद वाटला. ज्यांच्या माकडटोप्यांची मला कीव आली होती, त्यांनी मला पोटभर हसून घेतलं. चांगलंच झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंडलिकेत विसर्जन केलं. मूर्ती पाण्यात धरली तेव्हा डाव्या खांद्याची माती सगळ्यांत आधी सुटली, माझ्या बोटांतूनच.

एडमंटनला परतलो तेव्हा उणे अठ्ठावीस होतं. पहिल्याच सकाळी फोनने विचारलं, गाडी गरम करू का? मी नाही म्हटलं. गार गाडीत बसलो, दात वाजायला लागले. वाजू देत म्हटलं. थंडी मला वाजत होती.